पैनगंगा ही आंतरराष्ट्रीय सीमा होती का?



सप्टेंबर आला की आपल्या घरोघरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक वाद ठरलेला असतो. १७ तारखेला शुभेच्छा द्यायच्या, पण कशाच्या? नांदेड-परभणीचे नातेवाईक ‘मराठवाडा मुक्तिसंग्राम दिना’चे फोटो टाकतात. बीदर-कलबुर्गीकडच्या मंडळींचा ‘कल्याण कर्नाटक उत्सव’ असतो. आमच्या तेलंगणात तर सरकार बदललं की दिवसाचं नाव बदलतं. कधी राष्ट्रीय एकता दिन, कधी प्रजा पालन दिन, आणि केंद्र सरकारच्या कार्यक्रमाला गेलात तर हैदराबाद मुक्ती दिन. तारीख एक, घटना एक, नावं पाच.

यंदा या वादात भर घातली ती कॉलेजात शिकणाऱ्या माझ्या भाचीने. तिने कुठलासा व्हिडिओ बघितला आणि सरळ विचारलं, “मामा, हैदराबाद वेगळा देश होता म्हणे. त्यांनी युनोत तक्रारही केली होती. मग भारताने दुसऱ्या देशावर आक्रमण केलं असंच म्हणायचं ना?” ग्रुपवर शांतता पसरली. एका काकांनी हात जोडल्याचं चित्र टाकलं, दुसऱ्यांनी ‘आजकालची मुलं’ अशी सुरुवात करून मोठा फॉरवर्ड टाकला. उत्तर कुणीच दिलं नाही.

मला तिचा प्रश्न आवडला. प्रश्न चांगला आहे आणि त्याला चांगलं उत्तरही आहे. शिवाय तो आपल्या घरचा आहे. मी मूळचा तामसीचा, आदिलाबाद जिल्ह्यातला. आमच्या भागातून उत्तरेला निघालं की पैनगंगा लागते आणि पलीकडे यवतमाळ जिल्हा. भाचीचा प्रश्न मी माझ्या नकाशावर मांडतो तेव्हा तो असा होतो: १९४८ साली आमची पैनगंगा ही दोन देशांमधली सीमा होती का? या सदरात आपण आजवर जगाच्या सुरक्षेबद्दल, दहशतवादाबद्दल, मोठ्या देशांच्या डावपेचांबद्दल बोलत आलो. या वेळी तोच विषय, फक्त आपल्या शेताच्या बांधावरून.

नदीच्या दोन काठांवर

आधी त्या वेळचं चित्र डोळ्यांसमोर आणू. निजामाच्या हैदराबाद संस्थानात १६ जिल्हे होते: तेलुगू मुलखातले आठ, मराठवाड्यातले पाच आणि कन्नड भागातले तीन. आदिलाबाद तेलुगू आठांत मोजला जाई, पण सीमेलगत मराठी आणि गोंडी बोलणाऱ्यांची दाट वस्ती. आज नांदेड जिल्ह्यात असलेलं किनवट आणि चंद्रपूर जिल्ह्यातलं राजुरा हे तालुके तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातच होते. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत ते तिकडे गेले, आम्ही इकडे राहिलो.

पैनगंगेच्या दक्षिणेला ‘मोगलाई’ आणि उत्तरेला वऱ्हाड. मोगलाई हा शब्द आपल्या आजी-आजोबांच्या तोंडी सहज असे. नदी ओलांडली की खिशातला पैसा बदलायचा. इकडे निजामाचा हाली सिक्का, तिकडे इंग्रजांचा कलदार. माल नेला तर करोडगिरीच्या नाक्यावर जकात भरा. निजामाचं टपाल तिकीट वेगळं, रेल्वे वेगळी, फौज वेगळी, कोर्टकचेरीची भाषा उर्दू. ‘डेक्कन एअरवेज’ नावाची विमान कंपनीसुद्धा होती.

एवढं सगळं असेल तर तो देशच की, असं कुणालाही वाटेल. स्वतःचा पैसा, स्वतःचं सैन्य, स्वतःची सीमा. माझ्या धंद्यात याला ‘फ्रंट एंड’ म्हणतात. बाहेरून बघणाऱ्याला जे दिसतं ते. आत सगळं कुणाच्या सर्व्हरवर चालतंय हे तिथून कळत नाही.

आतली गोष्ट अशी होती. निजाम कधीही परदेशाशी स्वतंत्रपणे तह करू शकत नव्हता, युद्ध पुकारू शकत नव्हता. हे अधिकार इंग्रजांच्या सार्वभौमत्वाखाली गहाण होते. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी वऱ्हाड परत मागताना आपण ब्रिटिशांच्या बरोबरीचे आहोत असा दावा केला, तेव्हा १९२६ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी त्यांना लेखी कळवलं की ब्रिटिश सत्ता सर्वोच्च आहे आणि कोणताही संस्थानिक तिच्याशी समान पातळीवर वाटाघाटी करू शकत नाही. जगातला सर्वांत श्रीमंत समजला जाणारा माणूस, पण परराष्ट्र धोरण शून्य.

मग १९४७ आलं. इंग्रज गेले की त्यांचं वरचं छत्रही गेलं, म्हणजे आपण आपोआप स्वतंत्र झालो, असा निजामाचा अर्थ. जून १९४७ मध्ये त्यांनी फर्मान काढलं की हैदराबाद ना भारतात जाणार, ना पाकिस्तानात. भारताचं म्हणणं साधं होतं. चारही बाजूंनी भारताने वेढलेला, समुद्रकिनारा नसलेला, बहुसंख्य प्रजेला भारतात यायचं असलेला हा मुलूख वेगळा देश होऊ शकत नाही. वाटाघाटी चालू राहिल्या आणि २९ नोव्हेंबर १९४७ रोजी एक वर्षाचा ‘जैसे थे’ करार झाला. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार, दळणवळण याबाबत इंग्रजांच्या वेळी जी व्यवस्था होती तीच आता भारताबरोबर. हा करार लक्षात ठेवा. पुढचा सगळा वाद यावर येऊन अडतो. ज्या राज्याने आपले परराष्ट्र व्यवहार दुसऱ्याकडे ठेवायचं मान्य केलं, ते राज्य परराष्ट्र म्हणून जगाच्या दारात कसं उभं राहणार?

रझाकारी

आमच्या घरात आजी वयं मोजायची ती ‘रझाकारीच्या आधी’ आणि ‘रझाकारीच्या नंतर’ अशी. त्या एका शब्दात दीड-दोन वर्षांची भीती साठलेली होती.

लातूरचा वकील कासीम रझवी मजलिस-ए-इत्तेहादुल मुस्लिमीनचा अध्यक्ष झाला आणि रझाकार हे त्या संघटनेचं सशस्त्र स्वयंसेवक दल वाढत गेलं. गणवेश, कवायत, जाहीर सभांतून धमक्या, आणि गावोगाव खंडणी, जाळपोळ, खून. बीदर जिल्ह्यातल्या गोरट्यासारख्या गावांची नावं आजही लोक हळू आवाजात घेतात. निजामाचं पोलीस खातं कुठे बघत राहिलं, कुठे सामील झालं. सरकारचा शिक्का नसलेली पण सरकारने आवरायची नाहीत अशी माणसं हाताशी ठेवायची, आणि विचारलं तर ‘आमचा काही संबंध नाही’ म्हणायचं. हा प्रकार आज जगात अनेक ठिकाणी चालतो आणि त्याला मोठमोठी नावं आहेत. आपल्या आजीने त्याला एका शब्दात नाव दिलं होतं.

दुसऱ्या बाजूला प्रतिकारही उभा होता. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली हैदराबाद स्टेट काँग्रेसने सत्याग्रह केला. गोविंदभाई श्रॉफ आणि त्यांचे सहकारी सीमेबाहेर भारतीय हद्दीत राहून काम चालवत होते. वऱ्हाडात उमरखेडसारख्या ठिकाणी कॅम्प होते, तिथून तरुण नदी ओलांडून मोगलाईत येत, नाके-चौक्या फोडत. जानेवारी १९४८ मध्ये नांदेड जिल्ह्यातल्या उमरीला सरकारी बँक लुटली गेली, ती लढ्याला पैसा हवा म्हणून. तेलंगणात कम्युनिस्टांची सशस्त्र दलं जमीनदारांशी आणि रझाकारांशी लढत होती. निजामाच्या कागदोपत्री हे सगळे दहशत माजवणारे होते. थोडक्यात, ‘दहशतवादी कोण’ हा प्रश्न आपल्या गावात तेव्हाच येऊन बसला होता. त्याकडे शेवटी येतो.

याच काळात सिडनी कॉटन नावाचा एक ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून रात्रीच्या अंधारात विमानांतून शस्त्रं आणून बीदर आणि वरंगळच्या धावपट्ट्यांवर उतरवत होता. पुढे इंग्लंडमध्ये त्याच्यावर खटला झाला आणि २०० पौंड दंड झाला. एका संस्थानाला शस्त्रं पुरवण्याची किंमत २०० पौंड!

एक दिवस, दोन बातम्या

२१ ऑगस्ट १९४८. या दिवशी हैदराबाद सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या अध्यक्षांना तार केली: भारत आम्हाला धमकावतो आहे, आमची आर्थिक कोंडी करतो आहे, यातून जागतिक शांततेला धोका आहे, परिषदेने लक्ष घालावं.

त्याच रात्री हैदराबाद शहरात शोएबुल्ला खान या तरुण संपादकावर हल्ला झाला. ‘इमरोज’ हे त्याचं उर्दू दैनिक. वय तिशीच्या आत. हैदराबादने भारतात विलीन व्हावं आणि रझाकारांना आवर घालावा, असं तो उर्दूत, मुसलमान वाचकांसाठी, नाव छापून लिहीत होता. कार्यालयातून घरी परतताना त्याच्यावर गोळ्या झाडल्या, हात तोडला. पहाटेपर्यंत तो गेला.

भाचीला मी या दोन बातम्या शेजारी शेजारी ठेवून वाचायला सांगितल्या. एक तार जगाला सांगते की आम्ही शांतताप्रिय, छोटे, दुबळे आहोत, आम्हाला वाचवा. आणि ती तार पाठवणाऱ्या सरकारच्या राजधानीत, सरकारच्या आश्रयाने वाढलेली माणसं एका संपादकाचा लिहिता हात तोडतात. आंतरराष्ट्रीय राजकारणात कोणाचीही तक्रार वाचताना ‘त्या दिवशी त्यांच्या घरात काय चाललं होतं’ हे बघायची सवय मला या तारखेने लावली.

आणि आपल्यापैकी जे लोक रझाकारी ही फक्त हिंदू-मुसलमान अशी गोष्ट समजतात, त्यांनीही शोएबुल्ला खानचं नाव पाठ करावं.

पॅरिसमधली सुनावणी

संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत ३५ वं कलम आहे. सदस्य देश कोणताही वाद सुरक्षा परिषदेकडे नेऊ शकतात. याच दरवाजाने भारत १ जानेवारी १९४८ रोजी काश्मीरचा प्रश्न घेऊन गेला होता. त्याच कलमात एक छोटी खिडकीही आहे: सदस्य नसलेलं ‘राष्ट्र’सुद्धा वाद शांततेने सोडवायची बांधिलकी आधी स्वीकारून तक्रार करू शकतं. हैदराबाद या खिडकीशी आलं.

आता प्रोग्रामर मंडळींना गंमत कळेल. रिक्वेस्टचा मजकूर बरोबर आहे की चूक, हे नंतर बघतात. आधी बघतात की रिक्वेस्ट पाठवणाऱ्याला प्रवेशाचा अधिकार आहे का. खिडकी ‘राष्ट्रा’साठी आहे. हैदराबाद राष्ट्र आहे का? भारताचे प्रतिनिधी सर ए. रामस्वामी मुदलियार यांचा मुद्दा हाच होता: हैदराबाद हे आंतरराष्ट्रीय कायद्याच्या अर्थाने राष्ट्र नाही आणि कधीच नव्हतं, त्यामुळे हा आमचा घरचा मामला आहे.

पण ही चर्चा होईपर्यंत घड्याळ पुढे गेलं होतं. ११ सप्टेंबरला कराचीत जिनांचं निधन झालं. १३ सप्टेंबरला पहाटे भारतीय फौजा संस्थानात शिरल्या. मेजर जनरल जे. एन. चौधरी यांची मुख्य तुकडी सोलापूरकडून निघाली आणि पहिल्याच दिवशी नळदुर्ग घेतलं. सरकारी भाषेत ही ‘पोलीस कारवाई’. शब्दाची निवड मुत्सद्देगिरीची होती. परदेशाशी होतं ते युद्ध, घरात होते ती पोलीस कारवाई.

१६ सप्टेंबरला पॅरिसमध्ये सुरक्षा परिषद बसली. विषय पटलावर घ्यायचा का, यावर मतदान झालं. आठ मतं बाजूने, विरोधात कुणी नाही, आणि चीन, सोव्हिएत संघ व युक्रेन तटस्थ. मात्र विषय घेतला म्हणजे हैदराबादला राष्ट्र मानलं असं नव्हे, हेही सदस्यांनी बोलून दाखवलं. हैदराबादच्या शिष्टमंडळाचे प्रमुख मोईन नवाज जंग यांनी बाजू मांडली. दुसऱ्याच दिवशी, १७ सप्टेंबरला, निजामाने युद्धबंदी जाहीर केली. १८ तारखेला संस्थानचे सेनापती एल एद्रूस यांनी शरणागती पत्करली. २२ सप्टेंबरला निजामाची तार आली की तक्रार मागे घेतली आहे आणि शिष्टमंडळाला माझ्या वतीने बोलायचा अधिकार उरलेला नाही.

पाकिस्तानने १९४९ मध्ये विषय पुन्हा उकरला, चर्चा झाली, ठराव मात्र कोणताच झाला नाही. ‘हैदराबाद प्रश्न’ नावाची ही फाइल त्यानंतर दशकानुदशकं परिषदेच्या यादीत तशीच पडून राहिली. ना सोडवलेली, ना बंद केलेली. आपल्या ऑफिसमध्येही अशी तिकिटं असतातच.

तर भाचीच्या प्रश्नाचं माझं उत्तर: पैनगंगा ही आंतरराष्ट्रीय सीमा नव्हती. ती तशी असल्याचं निजामाने म्हटलं, पण जगातल्या देशांनी हैदराबादला राष्ट्र म्हणून मान्यता दिली नव्हती, त्याने स्वतः परराष्ट्र व्यवहार भारताकडे ठेवायचा करार केला होता, आणि सर्वांत मोठी गोष्ट, नदीच्या दक्षिण काठावरच्या माणसांना विचारून ते स्वातंत्र्य ठरलेलं नव्हतं. भारताने लोकमताची तयारी दाखवली होती. जून १९४८ मधला, ज्यात लोकमताचा मार्ग होता तो मसुदा निजामाने नाकारला.

विजयानंतरचं पान

उत्तर इथे संपवता आलं असतं. बरेच फॉरवर्ड इथेच संपतात.

पण पोलीस कारवाईनंतरच्या दिवसांत संस्थानात मोठ्या प्रमाणावर मुसलमानांची हत्या, लूट, स्त्रियांवर अत्याचार झाले. पंतप्रधान नेहरूंनी पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांची समिती पाठवली. समितीने गावोगाव फिरून अहवाल दिला. त्यात मृतांचा अंदाज २७,००० ते ४०,००० असा आहे. सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड होते. म्हणजे आपलेच जिल्हे. अहवाल कित्येक दशकं प्रसिद्धच झाला नाही. त्याच अहवालात हेही नोंदलं आहे की कितीतरी ठिकाणी हिंदू शेजाऱ्यांनी जिवावर उदार होऊन मुसलमान कुटुंबांना घरात लपवलं.

मेलेल्यांतले बहुतेक रझाकार नव्हते. विणकर होते, शेतमजूर होते, दुकानदार होते. रझाकारांनी मारलेली माणसंही अशीच, हातात काठीसुद्धा नसलेली होती. आपण १७ सप्टेंबर आनंदाने साजरा करावा, करायलाच हवा. पण दोन्ही पानं वाचून. एकच पान वाचणाऱ्याच्या मुलांना दुसरं पान कुणीतरी वेगळ्या हेतूने, वेगळ्या रंगात, यूट्यूबवर वाचून दाखवतं. माझ्या भाचीला तसंच दाखवलं गेलं होतं.

७१ वर्षं अडकलेलं ट्रान्झॅक्शन

आता एक थोडी हलकी, पण मुद्द्याची गोष्ट. शरणागतीनंतर दोन दिवसांनी, २० सप्टेंबर १९४८ रोजी, मोईन नवाज जंग यांनी लंडनच्या वेस्टमिन्स्टर बँकेतल्या हैदराबादच्या खात्यातून १०,०७,९४० पौंड आणि ९ शिलिंग पाकिस्तानचे ब्रिटनमधले उच्चायुक्त हबीब रहिमतुल्ला यांच्या नावावर वळते केले. निजामाने आठवड्याभरात बँकेला सांगितलं, माझी परवानगी नव्हती, पैसे परत करा. बँक म्हणाली, आता खातं ज्यांच्या नावावर आहे त्यांची संमती आणा.

निजामाने दावा लावला. १९५७ मध्ये ‘हाउस ऑफ लॉर्ड्स’ने निकाल दिला: पाकिस्तान सार्वभौम राष्ट्र आहे, त्याच्यावर इथे दावा चालणार नाही. पैसे गोठले. ना याला, ना त्याला. निजाम १९६७ मध्ये गेले. अखेर २०१३ मध्ये पाकिस्ताननेच त्या पैशांसाठी कोर्टात धाव घेतली आणि त्या क्षणी स्वतःचं सार्वभौम कवच स्वतःच्या हाताने काढून ठेवलं. चूक लक्षात आल्यावर खटला मागे घ्यायचा प्रयत्न केला, कोर्टाने घेऊ दिला नाही. २ ऑक्टोबर २०१९ रोजी न्यायमूर्ती मार्कस स्मिथ यांनी भारत आणि निजामाचे दोन नातू यांच्या बाजूने निकाल दिला. रक्कम तोवर साडेतीन कोटी पौंडांच्या घरात गेली होती. हिशोब केला तर वर्षाला साधारण पाच टक्के चक्रवाढ. एफडी काढणाऱ्या काकांना सांगा.

यातला महत्त्वाचा भाग असा. हे पैसे शस्त्रं मिळवून देण्याच्या बदल्यात होते, असा युक्तिवाद पाकिस्तानने केला. कोर्टाला तो पटला नाही. पण ज्या शस्त्रांच्या विमानांबद्दल १९४८ मध्ये कानावर हात ठेवले जात होते, त्यांची गोष्ट सत्तर वर्षांनी पुराव्याचे कागद म्हणून लंडनच्या न्यायालयात मांडली गेली. पैशाचा माग कधी ना कधी लागतो. दहशतीच्या विरोधात आज जगभर सर्वांत जास्त काम चालतं ते बंदुकीपेक्षा बँक खात्यांवर, ते याच कारणाने. २०१८ ते २०२२ पाकिस्तान ‘एफएटीएफ’च्या करड्या यादीत होता तो याच बाबतीत, दहशतवादी संघटनांकडे जाणारा पैसा रोखण्यात कमी पडला म्हणून.

आजचा पॅरिस, आजची तार

हे सगळं जुनं झालं, असं वाटत असेल तर आजची सुरक्षा परिषद बघा. दहशतवाद्यांची यादी करणारी तिची एक समिती आहे, १२६७ क्रमांकाच्या ठरावावरून नाव पडलेली. यादीत नाव गेलं की खाती गोठतात, परदेश प्रवास बंद, शस्त्रखरेदी बंद. पण नाव घालायला परिषदेच्या पंधराही सदस्यांची सहमती लागते. मसूद अझहरची जैश-ए-मोहम्मद ही संघटना २००१ पासून यादीत होती, पण खुद्द अझहरचं नाव घालायचा पहिला प्रयत्न २००९ चा. मध्ये पठाणकोट झालं, पुलवामा झालं, चीनचा अडथळा कायम होता. नाव लागलं १ मे २०१९ रोजी. दहा वर्षं एका नावासाठी.

दहशतवादाविरुद्ध सर्वंकष आंतरराष्ट्रीय करार करावा हा प्रस्ताव भारताने १९९६ मध्ये मांडला. तो आजही अडून आहे आणि अडला आहे तो व्याख्येवर. स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्यांना वगळायचं का? सैन्याने केलेल्या अत्याचाराला काय म्हणायचं? देश आपापल्या सोयीने बोलतात.

२२ एप्रिल २०२५ ला पहलगामला पर्यटकांना मारलं, त्यात महाराष्ट्रातली माणसंही होती. नंतर भारताने सर्वपक्षीय खासदारांची सात शिष्टमंडळं जगभर पाठवली. त्यांतली दोन सुप्रिया सुळे आणि श्रीकांत शिंदे यांच्या नेतृत्वाखाली होती. घरी एकमेकांविरुद्ध भाषणं करणारे पक्ष बाहेर एका टेबलाशी बसले. काम तेच, जे १९४८ मध्ये मुदलियार करत होते: आपली बाजू जगाला पटेल अशा शब्दांत मांडणं. बाजू खरी असून भागत नाही. ती कागदांनिशी, तारखांनिशी, न चिडता मांडता यावी लागते.

व्याख्येचं म्हणाल तर संयुक्त राष्ट्रांना जमेल तेव्हा जमेल. मी माझ्यापुरती एक कसोटी ठेवली आहे आणि ती मला आमच्या आदिलाबाद-नांदेडच्या इतिहासातून मिळाली: हत्यार नसलेल्या माणसाला, तो कोण आहे एवढ्यावरून, मारलं का? उमरीची बँक लुटणारे या कसोटीला उतरतात. गोरट्यात घरं जाळणारे उतरत नाहीत. शोएबुल्लाचे मारेकरी उतरत नाहीत. सप्टेंबरनंतर शेजाऱ्यांवर तलवार उचलणारेही उतरत नाहीत. पहलगामचे तर प्रश्नच नाही. कसोटी आपल्या माणसांना लावताना हात थरथरतो, पण तिथे लावली नाही तर दुसऱ्याला लावायचा अधिकार उरत नाही.

एक काम

तरुण मंडळींना या महिन्यात एक काम देतो. रझाकारी पाहिलेली माणसं आता नव्वदीला टेकली आहेत. तुमच्या घरात, शेजारात, गावाकडे कुणी असेल तर फोन घेऊन बसा आणि रेकॉर्ड करा. गाव कोणतं, नदी कुठून ओलांडली, पलीकडे कुणी आसरा दिला, घर किती दिवसांनी परत बघितलं, शेजारच्या मुसलमान कुटुंबाचं काय झालं, कुणी कुणाला लपवलं. मध्ये बोलू नका, दुरुस्ती करू नका. मराठीत बोलतील, दखनीत बोलतील, तेलुगूत बोलतील, बोलू द्या. फाइलला गावाचं नाव आणि तारीख द्या आणि दोन ठिकाणी ठेवा. आपल्या अंकाकडे पाठवलंत तर संपादक मंडळी जपून ठेवतील, मी त्यांच्याशी बोललो आहे.

आणि हो, त्या पैनगंगेचं आज काय चाललं आहे तेही सांगतो. तिच्यावर चनाखा-कोरटा बंधारा आहे. पाणी किती कुणाला, जमीन कुणाची बुडणार, यावर महाराष्ट्र आणि तेलंगणाची बरीच वर्षं घासाघीस झाली आणि ऑगस्ट २०१६ मध्ये दोन्ही मुख्यमंत्र्यांनी मुंबईत करारावर सह्या केल्या. तक्रारी अजून आहेत, त्या दोन्ही राज्यांचे इंजिनिअर नकाशे पसरून सोडवत बसतात. त्यासाठी पॅरिसला तार करावी लागत नाही.

पुढच्या महिन्यात भेटू. विषय: समुद्राखालून जाणाऱ्या इंटरनेटच्या केबल आणि त्या तोडल्या तर काय होतं. प्रश्न असतील तर आत्ताच पाठवा. भाचीने तिचे तीन पाठवलेत.